मीटरला पाणी दिसत नाही

(हे एका भागाचं शब्दांकन आहे. ऐकताना जसं होतं तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि मागे भुंकणारा कुत्रा काढून टाकलाय.)

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. विषय आहे जमिनीखालचं पाणी आणि ते शोधायच्या विजेच्या पद्धती. आधीच सांगतो, मी या विषयातला तज्ज्ञ नाही. मी बी.टेक. कॉम्प्युटरवाला, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं काम करतो. भूशास्त्राचा एकही पेपर आयुष्यात दिलेला नाही. पण गेल्या दोन वर्षांत या विषयात मी जेवढं डोकं घातलं, तेवढं नोकरीच्या कामातसुद्धा घातलं नसेल. माझा मॅनेजर हे ऐकत नसावा अशी आशा आहे.

कारण घरचं आहे. आमचं गाव पुरंदर तालुक्यात. घरी सीताफळ आणि थोडं अंजीर. एक विहीर आहे, ४५ फूट खोल, आजोबांनी खोदलेली. मार्च संपला की मोटर चाळीस मिनिटं चालते आणि मग नुसती हवा ओढते. चाळीस मिनिटांत अख्ख्या बागेचं ठिबक होत नाही. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोअर घ्यायचं ठरवलं.

दोन बोअर आणि एक लाल चिखल

पहिल्या बोअरची जागा पाणाड्याने दाखवली. तळहातावर नारळ आडवा ठेवून माणूस शेतात फिरला, वरच्या पट्टीत एका जागी नारळ उभा राहिला, तिथे दगड ठेवला. ३२० फूट गेलो. चाळीस-पन्नास फुटांच्या दरम्यान माती ओली आली, त्यानंतर धूळ. बोअरची गाडी ज्यांनी बघितलीय त्यांना माहीत आहे. कॉम्प्रेसर सुरू असतो, भोकातून पांढरी-काळी पूड उडत असते, आणि घरातली सगळी माणसं त्या पुडीकडे बघत उभी असतात. ती भिजली तर चेहरे उजळतात. आमचे उजळले नाहीत.

दुसऱ्या वेळी मी मध्ये पडलो. म्हटलं, अण्णा, नारळ वगैरे नको, मशीन लावून बघू. सर्व्हे करणारे एकजण आले. सळ्या, वायरची रिळं, एक मीटर. त्याच वरच्या पट्टीत दुसऱ्या कोपऱ्यात अर्धा दिवस काम केलं आणि सांगितलं, "१८० फुटांवर पाणी, दोन इंच." मला फार बरं वाटलं. विज्ञान आलं ना घरात!

१७८ फुटांवर खरोखर काहीतरी लागलं. लाल चिखल. आमच्याकडे त्याला गेरू म्हणतात. पाणी नव्हतं. आणि मग तेच झालं जे सगळीकडे होतं. गाडीवाला फुटामागे पैसे घेतो, आणि दर दहा फुटांना वाटतं की आता लागेल. करत करत ४१० फुटांवर थांबलो. कोरडं.

त्या संध्याकाळी अण्णा एवढंच म्हणाले, "पाणाड्यानं निदान एका नारळात काम केलं. तुझ्या मशीनवाल्यानं पाच हजार घेतले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट डोक्यात अडकून राहिली. मशीनने १८० सांगितलं आणि १७८ ला काहीतरी निघालं. म्हणजे मशीनला काहीतरी दिसलं होतं. मग चूक नक्की कुठे झाली?

त्यांच्याकडून मी रीडिंगचा कागद मागून घेतला. अठरा ओळी होत्या. तिथून हे सगळं सुरू झालं.

चार सळ्या आणि शाळेतला नियम

ही पद्धत खरं तर फार सोपी आहे. जमिनीत एका ओळीत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोन सळ्यांमध्ये व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, हे आपण दहावीत शिकलो. त्याला सळ्यांमधल्या अंतराचा हिशेब लावला की जमिनीची रोधकता निघते. तिचं एकक ओहम-मीटर.

उदाहरण घेऊ. चारही सळ्या दहा-दहा मीटरवर आहेत. करंट १०० मिलीअँपिअर, व्होल्टेज ५० मिलीव्होल्ट. रेझिस्टन्स झाला अर्धा ओहम. त्याला दोन पाय गुणिले अंतर, म्हणजे साधारण ६२.८ ने गुणायचं. उत्तर ३१ ओहम-मीटर. झालं. ही समान अंतराची मांडणी अमेरिकेतल्या फ्रँक वेनर यांच्या नावाने ओळखली जाते, साधारण १९१५ ची. त्याच्या थोडं आधी, १९१२ मध्ये, फ्रान्समध्ये कॉनरॅड श्लुम्बर्जे यांनी नॉर्मंडीतल्या घरच्या इस्टेटीवर जमिनीत वीज सोडून असेच प्रयोग केले होते. त्यांना पाणी नको होतं, धातूची खनिजं हवी होती. आपल्याकडे बोअरसाठी जास्त करून त्यांचीच मांडणी वापरतात.

चार सळ्या कशासाठी, दोन का नाहीत? कारण सळी आणि कोरडी माती यांच्यातला सांधाच इतका वाईट असतो की दोन सळ्यांनी मोजलं तर आपण जमीन न मोजता तो सांधाच मोजत बसू. म्हणून करंटच्या सळ्या वेगळ्या आणि व्होल्टेजच्या वेगळ्या. तरीही एप्रिलमध्ये करंट नीट जात नाही, म्हणून सळीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओततात. पुढे आम्ही हे केलं तेव्हा आईच्या डब्यातलं दोन किलो मीठ संपलं. तो विषय अजून निघतो घरात.

आणि खोली कशी कळते? बाहेरच्या सळ्या जेवढ्या लांब न्याव्यात, तेवढा करंट खोलवर जातो. सुरुवातीला दोन्हीकडे दोन-दोन मीटर, मग पाच, दहा, वीस, करत दीडशे मीटरपर्यंत. प्रत्येक वेळी एक रीडिंग. तेच ते अठरा आकडे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मीटरला पाणी दिसत नाही, त्याला फक्त रोधकता दिसते. आपल्या महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन बेसाल्टची आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, ती ही जमीन. त्यात ढोबळ आकडे असे धरतात. ताजा, अखंड काळा कातळ: शंभरच्या पुढे, कधी कितीतरी जास्त. पाणी भरलेला झिजलेला किंवा भेगाळ खडक, मुरूम: वीस ते चाळीस-पन्नास. काळी माती आणि गेरू: पाच-दहा, फार तर वीसच्या आसपास.

हे आकडे एकमेकांत घुसतात, हे लक्षात आलं का? पाण्याची खालची मर्यादा आणि चिकणमातीची वरची मर्यादा जवळजवळ एकच आहे. आणि गेरू म्हणजे काय, तर लाव्हाच्या दोन थरांच्या मधली लाल चिकणी माती. ती ओली असते, वीज छान वाहून नेते, पण पाणी सोडत नाही. बोअरमध्ये ढासळते ते वेगळंच.

एकच आलेख, दोन जमिनी

मी कागदावरचे अठरा आकडे कॉम्प्युटरवर घेतले. आमच्या भाषेत हा उलटा प्रश्न आहे. जमीन माहीत असेल तर रीडिंग काय येतील हे काढणं सोपं. रीडिंगवरून जमीन काढणं अवघड. जसं सर्व्हर बंद पडलेला आहे, आत शिरता येत नाही, हातात फक्त लॉग आहेत, आणि त्यावरून आत काय झालं ते ओळखायचं.

सोपा भाग, म्हणजे थर दिले की आलेख काढणारा प्रोग्राम, मी पायथनमध्ये लिहिला. शंभर ओळीसुद्धा लागल्या नाहीत, कारण त्यातलं किचकट गणित १९७१ मध्ये घोष नावाच्या संशोधकांनी फिल्टरची युक्ती काढून सोपं करून ठेवलंय. मग वेगवेगळ्या जमिनी कल्पून त्यांचे आलेख आमच्या आकड्यांशी जुळवत बसलो.

पहिली चांगली जुळणी आली तेव्हा मी खुर्चीतून उठलो. खोलवर, साधारण ५५ मीटरवर, १० मीटर जाडीचा, २० ओहम-मीटरचा थर. ५५ मीटर म्हणजे १८० फूट. सर्व्हेवाल्याने हेच काढलं असणार. २० ओहम-मीटर म्हणजे पाण्याचा खडक, १० मीटर जाडी म्हणजे भरपूर. दोन इंच पाणी. त्या माणसाने काही थाप मारली नव्हती.

मग मी सहज त्या थराचे आकडे बदलले. १० मीटरऐवजी ५ मीटर केले, २० ओहम-मीटरऐवजी १०. आलेख हललाच नाही. म्हणजे बघा, पहिल्या मॉडेलची चूक ३.८ टक्के, दुसऱ्याची ३.९. मीटरची स्वतःची चूक याहून जास्त असते.

मला वाटलं माझ्या कोडमध्ये बग आहे. दोन रात्री शोधला. बग नव्हता. पुस्तकं उघडली तर कळलं की याला नाव आहे, याला समतुल्यता म्हणतात, आणि या शास्त्रात हे सगळ्यांना माहीत आहे. कातळाच्या दोन थरांत सापडलेला, वीज सहज वाहून नेणारा पातळ थर असेल, तर वरून फक्त एकच गोष्ट नीट कळते: जाडी भागिले रोधकता. १० भागिले २० म्हणजे अर्धा. ५ भागिले १० म्हणजेही अर्धाच. जाडी वेगळी कळत नाही, रोधकता वेगळी कळत नाही, फक्त भागाकार कळतो. प्रोग्रामरना सांगायचं तर दोन वेगळ्या इनपुटचं हॅश एकच येतंय.

आणि यातलं एक उत्तर आहे १० मीटर पाण्याचा खडक. दुसरं आहे ५ मीटर गेरू. आमच्या दोन लाखांचं काय झालं, ते या एका भागाकारात होतं.

मशीन बरोबरच होतं. १८० फुटांवर वीज वाहून नेणारं काहीतरी आहे, एवढंच त्याने सांगितलं. 'पाणी' हा शब्द माणसाने जोडला. 'दोन इंच' हा तर मीटरमधून निघूच शकत नाही, रोधकतेवरून इंच काढायचं कुठलंही गणित नाही. पण "काहीतरी आहे, ते पाणी असेल किंवा गेरू असेल" असं म्हणणाऱ्याला पाच हजार कोण देईल? आम्हीच दिले नसते.

निळा रंग कोणी निवडला?

इथे माझी चूक सुरू होते. इतकं सगळं समजल्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. झालं उलटंच. मला वाटलं, त्याने एकाच जागी एकच सर्व्हे केला म्हणून चुकलं. आपण मोठा सर्व्हे करू.

ओळखीतून एक भूशास्त्राच्या मॅडम भेटल्या. आयुष्यभर विहिरी आणि डोंगर फिरलेल्या. त्यांच्या ओळखीने मला ४८ इलेक्ट्रोडचं मशीन दोन दिवसांसाठी भाड्याने मिळालं. यात ४८ सळ्या एकदम ठोकायच्या, पाच-पाच मीटरवर, एकूण २३५ मीटर लांब. मशीन आपोआप चार-चार सळ्या निवडून शेकडो रीडिंग घेतं. मग सॉफ्टवेअर जमिनीचा उभा छेद काढून देतं, रंगीत. जणू जमिनीचं सीटी स्कॅन. मी आणि दोन मित्रांनी ओढ्याच्या कडेने, विहिरीजवळून जाणारी रेघ धरली. उन्हात दोन दिवस. मिठाचा किस्सा याच वेळचा.

रात्री लॅपटॉपवर छेद उमटला. सगळीकडे लाल-पिवळं, म्हणजे कातळ. आणि खाली, ३५ मीटरच्या आसपास, अगदी मध्यभागी एक सुंदर निळा गोळा. मी तो तसाच मोबाइलवर अण्णांना दाखवला. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "हे पाणी?" मी म्हटलं, "दिसतंय तसंच."

एवढंच बोललो मी. सकाळी अण्णांनी पतसंस्थेत सोनं ठेवायचं नक्की केलं आणि बोअरच्या गाडीला पाच हजार ॲडव्हान्स दिला. गाडी रविवारी येणार होती.

मॅडमना मी फाइल गुरुवारी पाठवली, निव्वळ कौतुक ऐकायला. त्यांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "निळा रंग कोणी निवडला?"

मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये तसंच येतं.

"म्हणजे कमी रोधकतेला निळा रंग दे, असं कुणीतरी ठरवलंय. त्याला तपकिरी दिला असता तर तुला त्यात पाणी दिसलं असतं का?"

दुसरा प्रश्न, "तो गोळा आहे, असं कशावरून?" त्यांनी समजावलं. अशा सर्व्हेत वरच्या भागाची रीडिंग सगळ्या रेघेभर मिळतात, पण खोलची रीडिंग फक्त मधोमध मिळतात, कारण खोल जायला सळ्या लांबच्या घ्याव्या लागतात आणि रेघेच्या टोकाला लांब जायला जागाच नसते. त्यामुळे छेद खाली निमुळता होत जातो. खाली सपाट, मैलभर पसरलेला थर असला, तरी छेदात त्याचा फक्त मधला तुकडा दिसतो. गोळ्यासारखा.

आणि तिसरा प्रश्न. हा माझ्या अजून लक्षात आहे. "तुमच्या दुसऱ्या बोअरला गेरू किती फुटांवर लागला होता? आणि ती जागा ओढ्यापासून किती उंच आहे?"

मी तालुक्याचा नकाशा काढला. वरची पट्टी ओढ्याच्या पातळीपेक्षा साधारण ६५ फूट उंच. गेरू लागला १७८ फुटांवर. १७८ वजा ६५ बरोबर ११३ फूट. मीटरमध्ये साडेचौतीस.

माझा निळा गोळा ३५ मीटरवर होता.

आपल्याकडचे लाव्हाचे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे असतात, हे मला पाठ होतं. घाटात बसमधून जाताना डोंगराच्या पायऱ्या आपण सगळेच बघतो. पण ते ज्ञान आणि लॅपटॉपवरचं चित्र एकमेकांशेजारी ठेवून बघावं, हे मला सुचलं नाही. वरच्या शेतात ज्या गेरूने आम्हाला बुडवलं, त्याच गेरूवर मी पुन्हा गाडी लावणार होतो. तेही पैसे देऊन, स्वतःच्या कोडने सिद्ध करून.

शुक्रवारी मॅडम स्वतः आल्या. ओढ्याच्या कडेने आम्ही खाली चालत गेलो. दीड किलोमीटरवर ओढ्याने कड कापलीय, तिथे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये हातभर-हातभर उंचीचा विटकरी पट्टा उघडा पडलाय. लहानपणी मी तिथे पोहायला जायचो. ती लाल माती अंगाला फासून घरी आलो की आई ओरडायची. नकाशावर पातळी मोजली, तोच थर.

तो फोन

शुक्रवारी रात्री अण्णांना सांगायचं होतं. सांगतो, प्रोडक्शन बंद पाडून क्लायंटला फोन करणं याहून सोपं असतं.

मी म्हटलं, "अण्णा, रविवारची गाडी रद्द करू. तिथे पाणी असेल असं वाटत नाही."

"मग आधी कशाला सांगितलंस?"

"चुकलं माझं."

"आन् आता बरोबर हायेस कशावरून?"

यावर माझ्याकडे पुन्हा उत्तर नव्हतं. खरं उत्तर होतं, 'पूर्ण खात्री नाही.' ते मी दिलं. म्हटलं, "खात्री नाही. पण तिथे गेरू असण्याचीच शक्यता जास्त आहे. आणि पैसे गेल्यावर हे कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं."

अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी गाडीवाल्याला त्यांनीच फोन केला. ॲडव्हान्स गेला. आईने नंतर मला सांगितलं, रात्रभर ते अंगणात बसून होते. बोअर कोरडं गेल्यावर दुःख होतं हे मला माहीत होतं. पण बोअर न घेण्याचंही दुःख असतं, कारण गाडी येईपर्यंत निदान आशा तरी असते.

परत विहिरीकडे

मॅडमनी जाताना माझा छेद पुन्हा उघडला आणि वरच्या भागावर बोट ठेवलं. तिकडे मी बघितलंच नव्हतं, खोलचा निळा गोळाच बघत बसलो होतो.

आमच्या भागात पाणी मुख्यतः कुठे असतं? वरच्या झिजलेल्या भागात. मुरूम, त्याखालचा भेगाळ खडक. त्याशिवाय लाव्हाच्या थराच्या माथ्याला असलेला भोकाभोकांचा खडक, पण त्यातली भोकं बरेचदा पांढऱ्या खनिजाने बुजलेली असतात. भोकं दिसली म्हणजे पाणी वाहीलच असं नाही, ती एकमेकांना जोडलेली हवीत. खाली जावं तसा खडक घट्ट होत जातो. कुठे खोल भेग लागली तर नशीब. म्हणून तर पहिल्या बोअरला चाळीस-पन्नास फुटांवर ओल लागली आणि नंतर धूळ. आणि पाणाडे अनेकदा बरोबर ठरतात तेही याचमुळे. ओढ्याकाठच्या मुरमात पावसाळ्यानंतर कुठेही खोदलं तरी थोडं पाणी लागतंच. नारळ उभा राहिला नाही तिथेही लागलं असतं, पण तिथे कुणी खोदून बघत नाही.

माझ्या छेदात विहिरीजवळ झिजलेला थर आठ मीटर जाड होता. दक्षिणेला वीस-पंचवीस मीटरवर तोच चौदा मीटरपर्यंत खाली उतरत होता. रोधकता तीस ते चाळीस. आता तिथेही प्रश्न तोच: हे पाणी कशावरून? पण इथे पडताळा होता. शेजारच्या विहिरीच्या भिंतीत तोच मुरूम डोळ्यांनी दिसत होता आणि त्यातून पाझर येत होता.

मॅडम म्हणाल्या, "मी इथेही खात्री देत नाही. पण इथे चुकलात तर काही हजार जातील. तिथे चुकला असतात तर लाख-दीड लाख."

मग आम्ही विहिरीतला गाळ काढला आणि तळाजवळ तीन आडवी बोअर मारली, दोन दक्षिणेला आणि एक पूर्वेला. पूर्वेचं कोरडं. दक्षिणेतलं एक कोरडं. तिसऱ्यातून करंगळीएवढी धार आली आणि राहिली. ओढ्यात वरच्या बाजूला एक जुना बंधारा गाळाने भरला होता, गावातल्या चौघांनी मिळून तोही मोकळा केला. यंदा एप्रिलमध्ये मोटर ६५ मिनिटं चालली. चाळीसवरून ६५. पाऊसही बरा झाला होता, त्यामुळे यातलं श्रेय किती कोणाला ते मला सांगता येणार नाही. बाग पूर्ण भिजते असंही नाही. अंजिराची एक ओळ आम्ही काढून टाकली.

अजून एक गोष्ट मला उशिरा कळली. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जाता येत नाही. आम्ही ३२० आणि ४१० गेलो होतो. कायदा कशाला आहे ते आता समजतं. खोलचं पाणी लागलं तरी ते भरून यायला किती काळ लागतो, आणि ते शेजाऱ्याचंही असतं.

सर्व्हेवाल्याला विचारायचे पाच प्रश्न

जाता जाता उपयोगाचं सांगतो. तुमच्या घरी बोअरचा विषय निघाला असेल, मशीन लावणार असाल, तर जरूर लावा. मी या पद्धतीच्या विरोधात अजिबात नाही. पण हे विचारा.

एक. रीडिंगचा कागद मला देणार का? पैसे तुम्ही दिलेत, आकडे तुमचे आहेत. कागद नसेल तर सर्व्हे झालाच नाही असं समजा.

दोन. हे पाणीच आहे, गेरू किंवा चिकणमाती नाही, हे कशावरून? चांगला माणूस या प्रश्नावर रागावत नाही. तो शेजारची विहीर दाखवेल, जुन्या बोअरची माहिती विचारेल. माती आणि पाणी वेगळं ओळखायला मदत करणारी, करंट बंद केल्यावर व्होल्टेज किती हळू उतरतं ते बघणारी वेगळी पद्धतही आहे. आणि पाण्यातल्या हायड्रोजनचाच थेट सिग्नल पकडणारी एक पद्धत आहे, दवाखान्यातल्या एमआरआयचीच बहीण. ती महाग आहे, आणि जवळून विजेच्या तारा जात असतील तर गोंधळते. मोठ्या प्रमाणावर तर हेलिकॉप्टरला तारेचं वेटोळं टांगूनही असे सर्व्हे झालेत, आपल्या नागपूर जिल्ह्यात चंद्रभागा पाणलोटातही. पण हेलिकॉप्टरलाही थेट पाणी दिसत नाही.

तीन. जवळपास लोखंडी कुंपण, पाइपलाइन, जुन्या बोअरचं केसिंग आहे का, ते बघितलंत का? वीज सोप्या रस्त्याने जाते.

चार. 'किती इंच' सांगितलं तर विचारा, कुठल्या रीडिंगवरून? हे सांगता येत नाही. कोणालाच.

पाच, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. 'इथे बोअर घेऊ नका' असं तुम्ही कधी कोणाला सांगितलंय का? ज्याने कधीच नाही सांगितलं, त्याचं 'हो' फुकट आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, हे सरकारी खातं आहे. त्यांची जिल्हा पातळीवर कार्यालयं असतात, तिथेही चौकशी करा. आणि त्याआधी, गावातल्या पाच विहिरींत डोकावून बघा. मुरूम कुठे संपतो, कातळ कुठे लागतो, लाल पट्टा कुठे आहे, वहीत लिहा. याला काहीच पैसे लागत नाहीत. मी ते सगळ्यात शेवटी केलं.

मागच्या महिन्यात शेजारचे एक काका घरी आले होते, त्यांना बोअर घ्यायचंय. मला म्हणाले, तुझ्या कॉम्प्युटरवर बघून सांग की पाणी कुठंय. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "त्याला पाणी नाही दिसत. पण गेरू कुठंय ते विचारा, ते सांगतो."

माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासाचं याहून नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या गावात बोअरला काय काय लागलं, किती फुटांवर कुठला रंग निघाला, हे लिहून कळवा. पाणी लागलं नसलं तरी कळवा. खरं तर कोरड्या बोअरची माहितीच जास्त कामाची आहे, आणि तीच कोणी सांगत नाही. भेटू पुढच्या भागात.